रान, लेणी आणि चित्रं : खानदेशातल्या आमच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही दहा-पंधरा जण पहाटे निघतो. सकाळी रानात चालतो, दुपारी एखादं जुनं देऊळ, लेणं, संग्रहालय किंवा कलावंताचं घर पाहतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी परततो. नवीन येणारे साधारण तेच तेच विचारतात. ती उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच आमच्या आवडीचे आहेत.

हा ट्रेक आहे की सहल?

दोन्ही नाही. ट्रेकमध्ये माथा गाठायचा असतो आणि सहलीत ठिकाणं उरकायची असतात. आमच्याकडे एका दिवसात दोन, फार तर तीन गोष्टी पाहायच्या आणि त्या नीट पाहायच्या. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला, म्हणजे पाटणला, महादेवाचं जुनं देऊळ आहे, तिथं आम्ही दीड तास थांबतो. पहिल्यांदा आलेल्यांना वीस मिनिटांनी चुळबुळ सुटते. तासाभरानं तेच लोक भिंतीजवळ उकिडवे बसून एकमेकांना काहीतरी दाखवत असतात.

निसर्ग आणि कला एकत्र कशासाठी? दोन वेगळे कार्यक्रम करता आले असते.

करता आले असते. पण खानदेशात ही दोन्ही एकाच डोंगरात आहेत. लेणी डोंगराच्या घळीत खोदली, कारण तिथं पाणी होतं आणि खोदता येईल असा बसाल्ट होता. देवळाचा दगड त्याच डोंगरातला. रंगाची मातीही आसपासचीच. डोंगर न पाहता लेणं पाहिलं तर अर्धंच पाहिलं असं मला वाटतं.

एक उदाहरण देतो. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः जिथं ऊन कमी लागतं त्या अंगाला, करडे-पांढरे चट्टे दिसतात. अनेकांना वाटतं चुना उडालाय. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ते दगडफूल आहे. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्याचंच हे भावंड. बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार, वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढणारा. तळहाताएवढा चट्टा दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वेळचा असू शकतो. एकदा हे कळलं की ती भिंत नुसती कोरीव राहत नाही. भिंतीच्या पलीकडे सुरू होणारं रान आणि ती भिंत यांच्यात नातं दिसायला लागतं. काडीनं चट्टा खरवडून बघायचा मोहही मग होत नाही.

एक दिवस कसा जातो, ते सांगाल का?

आमचा सर्वांत जुना आणि सर्वांत लाडका मार्ग सांगतो : पाटणादेवी आणि चाळीसगाव.

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण अठरा किलोमीटर. उजाडताना आम्ही तिथं पोचतो. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. ज्याच्या नावावरून औट्रम घाट म्हणतात, तो जेम्स औट्रम १८२५ पासून खानदेशात होता आणि इथल्या भिल्ल पलटणीचा प्रमुख होता. ती पलटण धरणगावला उभी राहिली. आज आपण त्याला कन्नडचा घाट म्हणतो, पण कागदोपत्री औट्रम चिकटून बसला आहे.

पहिला दीड तास रानातला. डोंगरी नदीच्या काठानं सावकाश चाल. मोर ओरडत असतात, लंगूर वरून बघत असतात. बिबट्याचा वावर आहे, म्हणून कुणी पुढं-मागं सुटायचं नाही. इथं आम्ही अंजनापाशी हटकून थांबतो. अंजन हे खानदेशच्या कोरड्या डोंगरांचं झाड. त्याचं पान हातात घ्या : दोन पात्या देठाशी जुळलेल्या, बैलाच्या खुरासारख्या किंवा पंख उघडलेल्या फुलपाखरासारख्या. लाकूड इतकं टणक की कुऱ्हाड बोथट होते. दुष्काळात गुरांना याचाच पाला घातला जायचा, सालीचे दोर वळले जायचे. एकदा गटातल्या एका मावशींनी पान ओळखलं आणि त्या तिथंच थबकल्या. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीच्या चाकाची आरी अंजनाची होती. पुढं अर्धा तास त्या बोलत होत्या आणि आम्ही सगळे ऐकत होतो. त्या दिवशीचं ठरलेलं पक्षिनिरीक्षण राहून गेलं, त्याची खंत नाही.

मग न्याहारी, मग चंडिकादेवीचं दर्शन, मग महादेवाचं देऊळ. दुपारी चाळीसगावात उतरून जेवण आणि त्यानंतर केकी मूस यांचं घर. सूर्यास्ताच्या आसपास परतीची वाट.

पाटणला भास्कराचार्य जन्मले हे खरं का?

भास्कराचार्यांच्या जन्मगावाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून आम्ही तसं छातीठोक सांगत नाही. पण जे पक्कं आहे तेच इतकं मोठं आहे की त्यात भर घालायची गरज नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख इथं सापडला, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. (योगायोगानं चांगदेव हेच नाव तापी-पूर्णेच्या संगमावरच्या योगी चांगदेवांचंही आहे. दोघांची गल्लत होते, तेव्हा आधीच सांगून ठेवलं.)

मला त्या लेखातलं सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू? वर संस्कृत आहे, वंशावळ आहे, स्तुती आहे. पण शेवटचा भाग आपल्या जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यावर मठासाठी काय द्यायचं, ते त्यात ठरवून दिलं आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारपेठ आणि तेलघाणे उचलत होते, आणि तो हिशेब ज्याला वाचता यावा त्याच्या भाषेत लिहिला होता. आठशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आपल्या तालुक्यातली.

पाटणच्या देवळाला फलकावर हेमाडपंती म्हणतात. तुम्ही तसं का म्हणत नाही?

बोलताना कुणी म्हटलं तर आम्ही टोकत नाही, लोकभाषेत तो शब्द रुळलाय. पण हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो हेमाद्री पंडित, यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पाटणच्या महादेवाच्या देवळातला निकुंभ राजांचा लेख शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३. देऊळ हेमाद्रीच्या शंभर वर्षं आधीचं आहे. मग त्याचं श्रेय निकुंभांना आणि त्यांच्या कारागिरांना द्यायला नको का? इंद्रराजानं काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा गोवन यानं पुरं केलं, एवढं त्या लेखातून कळतं. दगड घडवणाऱ्यांची नावं मात्र नाहीत.

केकी मूस कोण? त्यांच्या घरात पाहण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न जळगाव-धुळ्यातले लोक विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. चाळीसगाव स्टेशनवरून आपण आयुष्यभर गाड्या पकडतो, आणि स्टेशनाजवळच्या या घराची आपल्याला खबर नसते.

कैखुश्रू माणेकजी मूस हे १९१२ साली जन्मलेले पारशी कलावंत. इंग्लंडात कला शिकून आले आणि चाळीसगावच्या घरात स्थिरावले ते कायमचे. १९८९ साली तिथंच गेले. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. त्यामागं एका मैत्रिणीची वाट पाहणं होतं, रात्रीच्या पंजाब मेलशी ते जोडलेलं होतं, अशी गोष्ट गावात सांगतात. आम्ही ती ऐकवतो, पण गोष्ट म्हणूनच. कारण तेवढ्यावरच थांबलं तर माणूस विक्षिप्त म्हणून लक्षात राहतो आणि काम बाजूला पडतं.

काम असं की त्यांनी टेबलटॉप छायाचित्रण या प्रकारात देशोदेशी नाव कमावलं. खोलीतल्या टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, त्यांवर दिव्याचा उजेड असा पाडायचा की फोटोत बर्फाळ माळ दिसावा, वादळातलं झाड दिसावं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसानं टेबलावर अख्खा निसर्ग उभा केला. सकाळी खरा डोंगर, खरं ऊन, खरी सावली पाहून आलेल्या माणसाला दुपारी तो फोटो वेगळा दिसतो. सावली कुठून पडली हे आपण आपोआप शोधायला लागतो. या एका कारणासाठी हा मार्ग आम्ही याच क्रमानं ठेवलाय : आधी रान, मग घर. उलट करून पाहिलं होतं, जमलं नाही.

चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीव काम, कागदाच्या घड्या, संग्रह केलेल्या वस्तू असं बरंच आहे. घर लहान आहे, म्हणून आत आम्ही दोन तुकड्यांत जातो. ज्यांनी ते इतकी वर्षं जपलंय त्यांना आधी कळवूनच जातो.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना नेता का? फार अवघड आहे का?

नेतो, हिवाळ्यात. पाटणच्या बाजूनं वर चढणारी वाट मोठी आहे आणि अभयारण्यातून जाते, म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय आम्ही ती घेत नाही. एरवी कन्नडच्या बाजूनं गाडीरस्त्यानं माथ्यावर आणि मग पायऱ्यांनी घळीत उतरायचं. उतरताना सोपं वाटतं, परत चढताना घाम फुटतो.

लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झाली, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या काळातली. इथला दगड ठिसूळ, त्यामुळं बरीच छतं आणि दर्शनी भाग कोसळले आहेत. लोक म्हणतात, पडझडच तर आहे. मी म्हणतो, थोडा वेळ बसा. हत्तींची रांग आहे, तिच्याकडे नुसतं पाहत राहा. चैत्यातल्या, म्हणजे प्रार्थनेच्या दालनातल्या, खांबांवर रंगाचे अवशेष आहेत, ते नंतरच्या काळातले, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे. म्हणजे जुन्या लेण्यात सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी परत येऊन रंग भरले.

आणि इथं नावं आहेत. खांबावरच्या लेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गांध्याच्या घराण्याचा उल्लेख आहे. गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. इथं सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणी, पोट सुटलेली, तोंडभर हसणारी. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय : कण्हदास, धंद्यानं सोनार. दागिने घडवणाऱ्या हातानं दगड घडवला, हे मूर्तीच्या अंगावरच्या दागिन्यांकडे पाहिलं की लगेच पटतं. मूर्तीचा फोटो आम्ही छापून बरोबर नेतो आणि लेण्यासमोर उभं राहून दाखवतो.

अजिंठा जळगावहून जवळ आहे. तिथं तर सगळेच जातात. तुमच्याबरोबर येऊन वेगळं काय?

जळगावहून साधारण साठ किलोमीटर. आम्ही वर्षातून एकदा जातो, पावसाळा सरताना, आणि सोमवार टाळून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. सुरुवात लेणापूरच्या बाजूनं, वरच्या कड्यावरून करतो. तिथून वाघूर नदीचा घोड्याच्या नालासारखा वळसा एका नजरेत येतो आणि भिक्षूंनी हीच जागा का निवडली हे सांगावं लागत नाही.

वाघूर म्हटल्यावर जळगावकरांनी कान टवकारायला हवेत. तुमच्या नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं ना, ती हीच नदी. लेण्यांच्या पायथ्यातून निघून ती खानदेशात उतरते. अजिंठा जिल्ह्याच्या हद्दीपलीकडं असेल, पाणी मात्र आपल्या घरी येतं.

चित्रांपाशी आम्ही आधी भिंत समजून घेतो. ओल्या चुन्यावर रंगवलेली ही चित्रं नाहीत. माती, शेण, भाताचा तूस, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो सुकल्यावर रंग. लाल, पिवळा, हिरवा हे मातीचे आणि दगडांचे. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, दूरवरून व्यापारातून आलेला. गावाकडं भिंत सारवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा गिलावा दोन वाक्यांत कळतो. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना गटातल्या सारवण माहीत असलेल्या बायका समजावून सांगतात.

याच मार्गाला जोडून कधीकधी भुसावळ येतं. १८१९ साली ब्रिटिश शिकाऱ्यांच्या नजरेला अजिंठा पडला. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी या चित्रांच्या नकला करायला घेतल्या. वर्षानुवर्षांचं ते काम लंडनला पाठवलं आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातलं बहुतेक जळून गेलं. हे गिल १८७९ साली गेले आणि त्यांची कबर भुसावळला आहे. आम्ही एकदा तिथं गेलो, गवत बाजूला केलं, पाच मिनिटं उभे राहिलो. कुणी काही बोललं नाही.

रानपिंगळा नक्की दिसेल का?

नक्की म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण रानपिंगळ्याची गोष्ट आमच्या सगळ्या खटाटोपाचा प्राण आहे, म्हणून सविस्तर. हे छोटं घुबड एकोणिसाव्या शतकात मोजक्याच वेळा मिळालं. शेवटचा खरा नमुना १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातच मिळवला. नंतर पक्षी गायब. मधे १९१४ सालचा एक नमुना गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदला गेला होता आणि शोधणारे तिकडं फिरत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा कळलं की तो नमुना दुसऱ्या संग्रहातून चोरलेला, नव्यानं शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला आहे. खोटा पत्ता वगळला तेव्हा खरे पत्ते उरले, त्यांत खानदेश होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याच्या बाजूच्या सातपुड्यात आले आणि त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

म्हणजे संग्रहालयाच्या कपाटातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यानं सातपुड्यातल्या जिवंत पक्ष्याचा पत्ता सांगितला. संग्रहालय आणि रान एकत्र कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

तोरणमाळ आणि तळोद्याच्या बाजूला आम्ही हिवाळ्यात दोन दिवसांची फेरी करतो. रानपिंगळा दिवसा वावरतो, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो. घराजवळचा साधा पिंगळा डोक्यावर ठिपके मिरवतो, याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, करडं-तपकिरी, छातीवर गर्द पट्टे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. हा नियम कुणासाठीही मोडत नाही, मोठा कॅमेरा घेऊन आलेल्यांसाठी तर अजिबात नाही. हद्दीत शिरकाव झाला समजून तो बिथरतो, पिल्लं सोडून येतो.

धुळे आणि भुसावळच्या बाजूला काय काय करता?

धुळ्याला सकाळी लळिंगचा किल्ला आणि कुरण, दुपारी राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी फिरून कागद गोळा करायचे. ते ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. वेळ असला तर समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं. अक्षर पाहायला शिकवणारी याहून चांगली जागा आपल्याकडं नाही.

भुसावळच्या बाजूला हतनूर धरणाच्या पाणपसाऱ्यावर हिवाळी पक्षी आणि तिथून जवळ तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ. थंडीत चक्रवाकांच्या जोड्या काठावर असतात. एकमेकांना साद घालतात तेव्हा संस्कृत काव्यातली त्यांची विरहकथा आठवते.

किती चालावं लागतं? माझे गुडघे दुखतात.

साधारण चार ते पाच किलोमीटर, थांबत थांबत. पितळखोरा आणि लेणापूर सोडून बाकी मार्ग गुडघे दुखणाऱ्यांना जमतात. आधी सांगा, लपवू नका. आमच्यातले सर्वांत वयस्कर आप्पा शहात्तर वर्षांचे आहेत, ते काठी घेऊन येतात आणि सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

आठ वर्षांवरची, आई-वडिलांपैकी एकाबरोबर. मुलांना आम्ही एक भिंग आणि एक काम देतो : दहा वेगवेगळे पोत शोधून पेन्सिलीनं कागदावर उतरवा. साल, पान, खडक. कोरीव दगडावर कागद घासायचा नाही, हे मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

मी एकटीच येणार आहे. चालेल का?

चालेल. गटात निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि बऱ्याच जणी पहिल्यांदा एकट्याच आल्या होत्या. गाडीत आणि मुक्कामाच्या वेळी ताईंची व्यवस्था ताईच पाहतात. परतल्यावर शेवटची बाई घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत आम्ही फोन खाली ठेवत नाही.

काय आणायचं, काय घालायचं?

मातकट किंवा हिरवट रंगाचे सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. पायात जुने, पक्के बूट. दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, वही-पेन्सिल, दुर्बीण असली तर.

आणि एक गोष्ट अजिबात नको : अत्तर, परफ्युम, डिओडरंट, सुगंधी तेल. हे आम्ही किमती अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका घळीत आग्या मोहोळ उठलं. त्या दिवशी दोघांनी भरपूर सेंट मारला होता आणि एकानं बिडी पेटवली. मी पुढं होतो, मला वास आला होता, तरी मी थांबवलं नाही. चौघांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यांत एक शाळकरी मुलगा. सगळे बरे झाले. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी आम्ही विचारतो आणि सेंट लावला असेल तर तोंड-हात धुवायला लावतो. राग मानू नका. मोहोळ दिसलं की बोलणं बंद, फ्लॅश बंद, आल्या पावली मागं.

जेवणाचं काय?

सकाळची शिदोरी ज्याची त्यानं, वाटून खायची. दुपारचं जेवण वाटेवरच्या एखाद्या घरी सांगून ठेवतो : कळण्याची भाकरी, शेवभाजी किंवा डुबुकवड्यांची आमटी, ठेचा, कांदा. हिवाळ्यात मळ्यात भरीत. वांगी काट्यांवर भाजायची, बडगीत (लाकडी उखळीत) मिरच्यांबरोबर ठेचायची, केळीच्या पानावर वाढायची. ज्या घरी जेवतो तिथं बाईच्या हातात पैसे देतो, कमी करून मागत नाही. तिखट झेपत नसेल तर आदल्या दिवशी सांगा.

पैसे किती?

गाडी, जेवण, प्रवेशाची तिकिटं आणि वाटाड्याचं मानधन यांची बेरीज, भागिले येणारी माणसं. हिशेब गटात टाकतो. वाटाड्याचं मानधन माणसं कमी आली तरी कमी होत नाही.

वाटाडे कोण असतात?

त्या त्या गावातले. तोरणमाळकडं पावरा आणि भिल्ल तरुण, पाटणकडं गुरं चारत मोठे झालेले भाऊ. त्यांना पुस्तकी नाव माहीत नसेल, पण कुठल्या झाडाची साल कधी सुटते, कुठला पक्षी पावसाआधी बोलतो हे ते सांगतात. एका काकांना मी विचारलं, हाई काय शे (हे काय आहे)? त्यांनी झाडाचं नाव सांगितलं नाही. खाली पडलेलं फळ फोडून दाखवलं, आतली अळी दाखवली, मग ती खाणारा पक्षी येईपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. तो आला.

मला चित्र काढता येत नाही. वही कशाला?

येत नाही म्हणूनच. आपण फोटो काढतो आणि पुढं जातो. हत्तीचा पाय कागदावर काढायला घेतला की कळतं, त्याला नखं किती आहेत हे आपण पाहिलंच नव्हतं. वही कुणी तपासत नाही.

रील, ड्रोन?

ड्रोन नाही. फोटो काढा, पण लेण्यांत फ्लॅश नाही, चित्रांजवळ तर मुळीच नाही. घरट्यांचे फोटो आणि रानपिंगळ्याची नेमकी जागा कुठंही टाकायची नाही.

फुलं, बिया, दगड घरी आणता येतात का?

नाही. अभयारण्यातून काडीही उचलायची नाही, तसा कायदाच आहे. जुन्या जागेवरचं खापर दिसलं तर तिथंच ठेवा. ते जिथं पडलंय त्या जागेमुळंच त्याला अर्थ आहे, कपाटात गेलं की तो गेला.

वर्षभर चालू असतं का?

जुलै ते मार्च. होळीच्या आधी पळस फुलतो, त्याची फेरी सुटू नये असं वाटतं. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचं ऊन पंचेचाळीस अंशांना टेकतं, तेव्हा रानात जाणं धोक्याचं. त्या दोन महिन्यांत संध्याकाळी संग्रहालयं, हस्तलिखितं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास गौराईची गाणी म्हणणाऱ्या आजींकडं बसणं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गढूळ आणि चढतं दिसलं की ओलांडायचं नाही. धबधब्याखाली उभं राहायचं नाही. मार्ग ऐनवेळी बदलतो, दिवस मात्र सहसा रद्द करत नाही.

आमच्या शाळेसाठी कराल का?

हो, एका वेळी पंचवीस मुलं आणि तीन शिक्षक. त्यांतल्या एका शिक्षकानं आधी आमच्याबरोबर तो मार्ग चालून पाहिलेला असावा.

नाव कसं नोंदवायचं?

फेरीच्या दहा दिवस आधी गटात मेसेज येतो, त्यावर पूर्ण नाव, वय, गाव आणि काही दुखणं असेल तर ते लिहा. अठरा नावं झाली की यादी बंद. आदल्या रात्री आठला गाडीची जागा आणि वेळ कळवतो. चाळीसगावच्या फेरीला जळगावहून गाडी पहाटे साडेचारला सुटते, पाचोऱ्याचे लोक वाटेत चढतात. पाच मिनिटं थांबतो, सहावं नाही, कारण पाटणच्या देवळाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर तिरपं ऊन जेमतेम अर्धा तास असतं.